इस्रायली ‘वसाहती’ म्हणावे की ‘वस्त्या’?

एका वाचकाने असे विचारले आहे : जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशात, म्हणजे वेस्ट बँकमध्ये, इस्रायलने जी गावे उभारली, त्यांच्याविषयी युरोपीय देशांची निवेदने मराठी वृत्तपत्रांत येतात, तेव्हा एकाच गोष्टीला कुठे ‘वसाहती’, कुठे ‘वस्त्या’, तर कुठे चक्क ‘ज्यू बस्त्या’ म्हटलेले आढळते. यांपैकी बरोबर कोणते? ‘वसाहत’ म्हटले की ब्रिटिशांचा वसाहतवाद आठवतो, तेव्हा हा शब्द वापरणे म्हणजे आधीच एका पक्षाची बाजू घेणे नव्हे काय? आणि तिथे राहणाऱ्या माणसाला काय म्हणावे?

माझ्या मते ‘वसाहत’ हाच शब्द योग्य आहे, आणि तो योग्य असण्याचे कारण वसाहतवादाशी असलेल्या नात्यापेक्षा ‘वसणे’ आणि ‘वसवणे’ या दोन क्रियापदांमधल्या फरकात आहे.

आधी ‘वस्ती’ पाहू. मराठीत वस्ती ही आपोआप होते. धनगरवस्ती असते, वाड्या-वस्त्या असतात, शहरात झोपडपट्टीलाही लोक नुसते ‘वस्ती’ म्हणतात. प्रवासी एका रात्रीपुरता कुठे थांबला, तरी ‘आज इथेच वस्ती’ असे म्हणतो. माणसे आली आणि राहिली, एवढेच हा शब्द सांगतो. त्यांना कोणी आणले, जमीन कोणी दिली, याबद्दल तो काही बोलत नाही. हिंदीतला ‘बस्ती’ थोडाफार असाच आहे. हिंदी वृत्तपत्रांत इस्रायली ‘बस्तियाँ’ असा प्रयोग रूढ आहे, आणि आपल्याकडच्या ‘बस्त्या’ बहुधा तिथूनच घाईघाईने आल्या असाव्यात.

‘वसाहत’ हाही ‘वसणे’ याच कुळातला शब्द असला, तरी मराठीत त्याचा वापर पाहिला तर त्यामागे बहुतेक वेळा वसवणारा कोणीतरी उभा असतो. औद्योगिक वसाहत सरकार किंवा महामंडळ वसवते, पोलीस वसाहत खाते वसवते, गृहनिर्माण संस्थेची वसाहत संस्था वसवते. उजाड झालेले पुणे जिजाऊंनी वसवले असे आपण म्हणतो, ते वसले असे म्हणत नाही. पेशवाईत नवी पेठ वसवायची तर कौल दिला जाई, येऊन राहणाऱ्यांना काही वर्षे करांत सूट मिळे, आणि मगच वाणी-उदमी तिथे येत. ते आपल्या खुशीनेच येत, हे खरे. पण म्हणून ‘पेठ आपोआप वसली’ असे कोणी म्हणत नाही.

योगायोग असा की, या प्रश्नावर युरोप आणि इस्रायल यांच्यात गेली अनेक दशके चाललेला कायदेशीर वाद नेमका याच फरकावर उभा आहे. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे ४९वे कलम म्हणते की, प्रदेश व्यापणाऱ्या सत्तेने आपल्या स्वतःच्या नागरी लोकसंख्येचा कोणताही भाग त्या प्रदेशात हलवता कामा नये. इस्रायलची बाजू अशी की, हे कलम दुसऱ्या महायुद्धातल्या सक्तीच्या स्थलांतरांना उद्देशून आहे. १९६७च्या युद्धात हा प्रदेश इस्रायलच्या ताब्यात आला; त्यानंतर तिथे गेलेल्या इस्रायली नागरिकांना कोणी बळजबरीने नेलेले नाही, ते स्वेच्छेने गेले, आणि शिवाय तो प्रदेश ‘व्याप्त’ नसून ‘वादग्रस्त’ आहे. थोडक्यात, लोक तिथे वसले. युरोपीय देशांची बाजू अशी की, जमीन सरकारने दिली, रस्ते सरकारने बांधले, घरांना सवलती सरकारने दिल्या, पहारा लष्कराचा आहे. म्हणजे लोक तिथे वसवले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ जुलै २००४ रोजी दिलेल्या सल्लावजा मतात हा मुद्दा स्पष्ट केला आहे : ४९व्या कलमाने फक्त सक्तीच्या स्थलांतरावर बंदी नाही, तर असे स्थलांतर संघटित करणाऱ्या किंवा त्याला उत्तेजन देणाऱ्या कोणत्याही उपायावर बंदी आहे. ‘संघटित करणे किंवा उत्तेजन देणे’ याला मराठीत ‘वसवणे’ याहून नेमका शब्द मला सुचत नाही. गंमत म्हणजे सप्टेंबर १९६७ मध्ये, युद्धाला तीन महिने होतात न होतात तोच, इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनीही आपल्या सरकारला हेच कळवले होते की, ताब्यात आलेल्या प्रदेशात नागरी वसाहती करणे या कराराच्या स्पष्ट तरतुदींविरुद्ध जाईल.

युरोपच्या बाजूने या भूमिकेचा पाया म्हणून १३ जून १९८०च्या व्हेनिस जाहीरनाम्याकडे बोट दाखवले जाते. तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायातल्या नऊ देशांनी त्यात म्हटले की, या वसाहती शांतता प्रक्रियेतला गंभीर अडथळा आहेत आणि आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार त्या बेकायदा आहेत. इथे मराठी उपसंपादकाने सांभाळावी अशी एक जागा आहे. ‘इस्रायलच्या बेकायदा वसाहती’ असे लिहिले, तर वाचकाला वाटू शकते की वसाहतींत काही कायदेशीर आणि काही बेकायदा आहेत, आणि युरोपचा आक्षेप फक्त दुसऱ्या गटाला आहे. इस्रायलमध्ये असा भेद खरोखरच करतात : सरकारी मंजुरीने झालेली वसाहत त्यांच्या कायद्याने वैध, आणि एखाद्या टेकडीवर चार फिरती घरे नेऊन मंजुरीविना उभारलेले ठाणे अवैध. हिब्रूत त्या ठाण्याला ‘माअहाज’ असा वेगळा शब्द आहे. युरोपीय संघाला हा भेद मान्य नाही. त्याच्या लेखी दोन्ही सारखीच बेकायदा. तेव्हा युरोपचे म्हणणे देताना ‘या वसाहती बेकायदा आहेत’ असे विधेयात लिहावे. ‘बेकायदा’ हे विशेषण नामाआधी लावले की अर्थ निसटतो.

आता वसाहतवादाच्या वासाबद्दल. तो वास आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकेकाळी आपल्याकडच्या राजकीय चर्चेत ‘वसाहतीचे स्वराज्य’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोचला होता, आणि त्यातली वसाहत म्हणजे साम्राज्याचा घटक. पण मराठीने या एका शब्दावर साम्राज्याचा मुलूख, कारखान्यांचा पट्टा आणि चार इमारतींचा समूह असे तीन अर्थ एकत्र नांदवले आहेत, आणि संदर्भ पाहून वाचक ते बरोबर वेगळे करतो. ही अडचण फक्त मराठीची नाही. युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०१५ मध्ये एक सूचनापत्र काढले, त्यानुसार या प्रदेशातून येणाऱ्या मालावर ‘इस्रायलचे उत्पादन’ एवढेच लिहिलेले चालत नाही. नुसते ‘वेस्ट बँकचे उत्पादन’ असे लिहिले तर ते पॅलेस्टिनी शेतकऱ्याचेही असू शकते, म्हणून पुढे कंसात वसाहतीचा उल्लेख हवा. हा उल्लेख फ्रेंच लेबलावर ‘कोलोनी इस्राएलिएन’ असा होतो, तर जर्मन लेबलावर ‘इस्राएलिशे झीडलुंग’ असा. फ्रेंच ‘कोलोनी’ला आपल्या ‘वसाहती’सारखाच साम्राज्याचा इतिहास चिकटलेला आहे, जर्मन ‘झीडलुंग’ मात्र कामगारांच्या घरांच्या समूहालाही लागतो. म्हणजे कायदा एक, बाटली एक, आणि पॅरिसच्या दुकानात वाचणाऱ्याच्या मनात जे उमटते ते बर्लिनच्या दुकानात उमटेलच असे नाही. फ्रेंचमध्ये इस्रायलच्या बाजूने लिहिणारे ‘कोलोनी’ टाळून ‘अँप्लांतास्यों’, म्हणजे साधारणपणे ‘रोपण’, असा शब्द पसंत करतात, तो यामुळेच.

बाटलीचा उल्लेख केला तो उगाच नाही. रामल्लाहला लागून असलेल्या टेकडीवर प्सागोत नावाची वसाहत आहे. तिथल्या द्राक्षमद्याच्या कारखान्याने फ्रान्समधल्या लेबलसक्तीला आव्हान दिले आणि प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेले. १२ नोव्हेंबर २०१९च्या निकालात न्यायालयाने लेबलसक्ती उचलून धरली. त्यात शब्दप्रेमी माणसाने थांबून वाचावा असा भाग आहे : ‘वसाहत’ हा शब्द केवळ भौगोलिक नाही, त्याला लोकसंख्येचे अंग आहे, कारण तो बाहेरून आलेल्या लोकसमूहाकडे निर्देश करतो; आणि या वसाहतींत एका राज्याने आपल्या हद्दीबाहेर चालवलेले लोकसंख्या हलवण्याचे धोरण मूर्त रूप घेते. एका न्यायालयाने एका नामाची इतकी काटेकोर व्याख्या करावी, हे क्वचितच घडते. आणि ही व्याख्या ‘वस्ती’ला लागू पडत नाही, ‘वसाहती’ला पडते.

‘वस्ती’ राखून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. जेरुसलेमच्या पूर्वेला, माअले अदुमीम या मोठ्या वसाहतीच्या जवळ, खान अल-अहमर नावाची बेदुइन पशुपालकांची वस्ती आहे. जहालीन जमातीचे हे लोक १९५०च्या दशकात नेगेव वाळवंटातून हुसकावले गेले, तेव्हा या बाजूला आले. पत्र्याच्या झोपड्या, शेळ्यामेंढ्यांचे वाडगे, आणि जुने टायर व माती वापरून एका इटालियन संस्थेच्या मदतीने बांधलेली शाळा, असे तिचे रूप. २०१८ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पाडण्यातला अडसर दूर केला, तेव्हा युरोपीय देशांनी संयुक्त निवेदन काढून ती पाडू नये असे सांगितले. आता हे निवेदन मराठीत देताना दोन्ही ठिकाणांना ‘वस्ती’ म्हटले, तर कोणती वस्ती कोणासाठी पाडली जाणार आहे हेच वाक्यातून कळणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच टापूत ‘ई-१’ या वसाहत-बांधणीच्या योजनेतल्या सुमारे ३,४०० घरांना मंजुरी मिळाली आणि युरोपीय परराष्ट्रमंत्र्यांनी पुन्हा निषेध केला, तेव्हाच्या काही बातम्यांत हा घोळ होण्याची पुरेपूर सोय होती.

त्या भूमीतल्या भाषांत काय म्हणतात, हेही पाहण्यासारखे आहे. अरबीत या वसाहतीला ‘मुस्तवतना’ म्हणतात, आणि जिथे साम्राज्यशाहीचा आरोप ठळक करायचा असतो तिथे ‘मुस्तअमरा’. पहिल्या शब्दात आपल्या ओळखीचा ‘वतन’ बसलेला आहे. हिब्रूत १९६७ नंतरच्या वसाहतींना ‘हितनाहलुत’ हा शब्द चालतो. त्याच्या मुळाशी ‘नहला’, म्हणजे वारशाने आलेली जमीन, आहे. मराठी माणूस ज्याला वतन म्हणेल, त्याच्या बरीच जवळची ही कल्पना आहे. अरबांच्या शब्दात ‘वतन’ ध्वनीने आहे आणि ज्यूंच्या शब्दात अर्थाने, ही मराठीलाच सहज दिसणारी जुळणी. तिथे राहणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र हा शब्द आता नको असतो, कारण इतरांच्या तोंडी त्याला नकारात्मक छटा आली आहे. ते ‘हितयाश्वुत’ पसंत करतात. त्याचे मूळ ‘बसणे, राहणे’ या अर्थाच्या धातूत आहे आणि तो हद्दीच्या आतल्या जुन्या शेतकरी गावांनाही लागतो. म्हणजे हिब्रूतही भांडण पुन्हा वसण्या-वसवण्याच्या वाटेनेच जाते.

‘ज्यू वसाहती’ हा प्रयोग टाळावा, ‘इस्रायली वसाहती’ म्हणावे. युरोपच्या निवेदनांतला आक्षेप धर्मावर नाही, राज्याच्या कृतीवर आहे. शिवाय कोकणातून गेलेले, अजून घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली दिमोना किंवा लोदमध्ये राहतात. ती इस्रायलच्या १९६७ पूर्वीच्या हद्दीतली शहरे आहेत. ज्यू लोकांचे प्रत्येक गाव म्हणजे ‘वसाहत’ असा समज करून देणे हे त्यांच्यावरही अन्यायाचे आणि बातमीलाही चुकीचे.

ओघात आले म्हणून : ‘पश्चिम किनारपट्टी’ कृपया लिहू नये. किनारपट्टी समुद्राची असते आणि वेस्ट बँकला समुद्र नाही. तो जॉर्डन नदीचा तीर आहे. ‘पश्चिम किनारा’ किंवा सरळ ‘वेस्ट बँक’ पुरे. फ्रेंच लोक त्याला ‘सिझ्झोर्दानी’, म्हणजे जॉर्डनच्या अलीकडचा प्रदेश, म्हणतात. ही अलीकड अर्थात युरोपातून पाहणाऱ्याची.

राहिला माणूस. बातम्यांत त्याला सर्रास ‘वसाहतवादी’ म्हणतात, ते बरोबर नाही. वसाहतवादी हा एका विचाराचा पुरस्कर्ता असतो. वेस्ट बँकमधल्या वसाहतींत आज सुमारे ५ लाख इस्रायली राहतात आणि पूर्व जेरुसलेममध्ये २ लाखांहून अधिक. त्यांत धर्मनिष्ठेने गेलेले आहेत, तसे केवळ घर स्वस्त मिळाले म्हणून गेलेलेही आहेत. ‘वसाहतकार’ म्हटले तर तो वसाहत स्थापणारा होतो, आणि तिथे जन्मलेल्या मुलाने काहीच स्थापलेले नसते. ‘वसाहतवासी’ हा शब्द थोडा पुस्तकी वाटला तरी तोलाचा आहे, बोलताना ‘वसाहतीतले लोक’ म्हणावे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने वेस्ट बँकमधल्या हिंसाचारासाठी पहिल्यांदा चार व्यक्ती आणि दोन संघटनांवर निर्बंध घातले, ते त्यांनी केलेल्या किंवा भडकावलेल्या हिंसेबद्दल होते, वसाहतीत राहिल्याबद्दल नव्हते. ‘वसाहतवाद्यांवर युरोपचे निर्बंध’ असा मथळा दिला की हा फरक नाहीसा होतो. ‘हिंसक वसाहतवासींवर निर्बंध’ या मथळ्यात तो राहतो, आणि जागाही फारशी जास्त लागत नाही.