मिथेनॉलवर (एक प्रकारचं अल्कोहोल) चालणाऱ्या जहाजातून कार्बन बाहेर पडतच नाही, हे खरं आहे का?

नाही. धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड पडतोच. मी बरीच वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली आहेत, म्हणून थोडा हिशोबच मांडतो.

१ टन हेवी फ्युएल ऑइल, म्हणजे जहाजांचं नेहमीचं जाड इंधन तेल, जाळलं की साधारण ३.१ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. मिथेनॉलमध्ये ऊर्जा जवळपास निम्मीच, त्यामुळे तेवढंच अंतर कापायला ते २ टन लागतं, आणि त्यातून निघतो २.७५ टन. म्हणजे नुसत्या धुराड्याकडे बघितलं तर फरक किरकोळ आहे. खरा फरक ते मिथेनॉल कशापासून बनलं यात आहे. कोळशापासून केलं असेल तर एकूण हिशोब तेलापेक्षाही वाईट. शेणाच्या किंवा शेतकचऱ्याच्या बायोगॅसमधला कार्बन आणि सौर विजेवर केलेला हायड्रोजन वापरला असेल, तर जो कार्बन हवेत जातो तो नुकताच हवेतूनच झाडांनी घेतलेला असतो. हरित म्हणायचं ते याला.

डेन्मार्कमध्ये कासो इथे २०२५ मध्ये असा कारखाना सुरू झाला, वर्षाला ४२ हजार टनांचा. मिथेनॉलवर चालणारं 'लॉरा मर्स्क' हे जहाज त्याच्या गिऱ्हाइकांपैकी एक. ते तसं लहान आहे, २,१०० कंटेनरचं. पण रोज १०० टन तेल पिणारं मोठं जहाज घ्या. त्याला मिथेनॉल २०० टन लागेल, आणि कासोचं वर्षभराचं सगळं उत्पादन त्या एकट्याला २१० दिवस पुरेल! जगात अशी जहाजं किती आहेत ते मनात आणा.

जहाजांसाठी दुसरं इंधन म्हणून अमोनियाचं नाव घेतात, त्याचंही तेच. त्यात कार्बन नाही, पण आज तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून बनतो, आपल्या अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यातसुद्धा. शिवाय तो विषारी. बंद इंजिन रूममध्ये त्याची गळती म्हणजे काय, या विचाराने मला आजही धडकी भरते.

हरित इंधन तेलापेक्षा कितीतरी महाग पडतं, म्हणून कार्बनला किंमत लावल्याशिवाय, म्हणजे सोडलेल्या कार्बनचे पैसे मोजायला लावल्याशिवाय, कुणी ते आपणहून भरणार नाही. युरोपने २०२४ पासून जहाजांना ती लावली. जागतिक पातळीवरचा तसा प्रस्ताव ऑक्टोबर २०२५ मध्ये आयएमओत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या जहाजवाहतूक संघटनेत, वर्षभरासाठी पुढे ढकलला गेला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

तोवर हातात आहे तो वेग. जहाजाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर शक्ती आठपट. एकदा आम्ही २० दिवस ठरलेल्या वेगाने इंजिन पळवत बंदरासमोर आलो, आणि धक्का मोकळा नाही म्हणून ४ दिवस नांगर टाकून पडलो. धक्का तेव्हा मिळणार नाही हे बंदराला आधीपासून माहीत होतं, पण करारात वेग लिहिलेला, त्यामुळे हळू येण्याची मुभा नव्हती. तोच प्रवास २४ दिवसांत केला असता तर साधारण ३० टक्के तेल वाचलं असतं. ना नवं इंजिन, ना नवी टाकी. बंदराने तारीख कळवायची आणि करारात 'धक्का मिळेल त्या दिवशी पोचा' असं एक कलम घालायचं, एवढ्यावर ते होण्यासारखं होतं.