बेसवालीला विचारा : बाबांच्या कॅसेटी कुणी ऐकायच्या?

(डोंबिवलीत तेवीस वर्षं गिटारचा क्लास चालवणाऱ्या आणि त्याआधी सात वर्षं एका कॉलेज बँडमध्ये बेस गिटार वाजवलेल्या आमच्या स्तंभलेखिकेचं वाचकांच्या पत्रांना उत्तर.)

प्रश्न : ताई, नमस्कार. वय ५२, नाशिकला बँकेत आहे. मुंबईत कॉलेजला असताना रंगभवनच्या पायऱ्यांवर बसून आय-रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव पाहिलाय, भर पावसात भिजत पाहिलाय. घरात अजून दीडशेच्या वर कॅसेटी आहेत आणि टेपरेकॉर्डरही चालतो. मुलगा सतरा वर्षांचा. त्याला कौतुकाने काही ऐकवायला गेलो तर म्हणतो, "बाबा, इंट्रो संपला की हाक मारा." स्वतः दिवसभर रॅप ऐकतो. परवा तर म्हणाला, "रॉक म्हणजे तुमच्या पिढीचं नाट्यसंगीत झालंय." लागलं मला ते. खरंच का हो, पोरांच्या लेखी रॉक संपलं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पोरगा हुशार आहे तुमचा. तुम्हाला डिवचायला बोलला असेल, पण उपमा अशी नेमकी सापडलीय त्याला की मी ती पत्र संपेपर्यंत वापरणार आहे.

आधी जे खरं आहे ते मान्य करून टाकू. अमेरिकेत २०१७ साली संगीताचा खप मोजणाऱ्या नील्सनच्या मोजणीत हिप-हॉप (रॅप यातच येतं) आणि आर-अँड-बी मिळून पहिल्यांदाच रॉकच्या पुढे गेले. पुढच्याच वर्षी गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लोकांनी गिटारचं तेरावंच उरकलं. मग लॉकडाऊन आलं, घरात कोंडलेल्या माणसांनी गिटारी मागवल्या आणि २०२० हे फेंडर या दुसऱ्या गिटार कंपनीचं तोवरचं विक्रीचं सर्वांत मोठं वर्ष ठरलं. माझा क्लास त्या वर्षी फोनच्या पडद्यावर चालायचा, आणि निम्म्याहून जास्त मुली होत्या. माझ्या कॉलेजच्या काळात बेस पाठीला लावून लोकलच्या लेडीज डब्यात चढले की बायका विचारायच्या, "यात काय, तंबोरा?"

आता दुसरी गोष्ट. २०२२ चा जुलै. क्लासला तीन नवी पोरं एकाच आठवड्यात आली आणि तिघांनाही एकच गाणं शिकायचं होतं. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत एक पोरगा मेटॅलिका बँडचं 'मास्टर ऑफ पपेट्स' वाजवतो, तेच. १९८६ सालचं, साडेआठ मिनिटांचं गाणं, आणि ते त्या उन्हाळ्यात, छत्तीस वर्षांनी, अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट हंड्रेड या शंभर लोकप्रिय गाण्यांच्या यादीत जाऊन बसलं. तिघांपैकी एकाने मला विचारलं, "मिस, हा नवीन बँड आहे का?" मी हसले नाही. त्याच्या दृष्टीने तो नवीनच होता, मागच्या शुक्रवारी भेटलेला. ते गाणं सगळं खालच्या दिशेच्या फटक्यांनी वाजवायचं असतं, मनगट भरून येतं. तीन आठवड्यांनी एकटाच टिकला. पण तो अजून येतो.

म्हणजे तुमच्या कॅसेटी ही मुलं ऐकतात, फक्त त्यांना रॉक म्हणत नाहीत. आपल्याकडे कप्पे होते. दुकानात मेटलची वेगळी रांग, पॉपची वेगळी, आणि चुकून पॉपच्या रांगेत कुणी पाहिलं तर लाज. यांच्या फोनमध्ये अरिजितच्या पाठोपाठ क्वीन हा जुना रॉक बँड येतो, त्यामागून रॅपर एमसी स्टॅन. अमेरिकेत ऐकल्या जाणाऱ्या संगीतापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश हे दीड वर्षाहून जुनं असतं. जुनं खपत नाही ही तक्रार तर मुळीच करता येणार नाही. उलट नव्या बँडांनी रडावं अशी स्थिती आहे, कारण त्यांची स्पर्धा थेट क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीशी आहे.

इंट्रोचं म्हणाल तर त्यात पोराचा दोष कमी. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. त्यामुळे आता गाणी पहिल्या तीस सेकंदांतच सगळा माल मांडतात. आपल्या आवडत्या गाण्यांमध्ये तेवढ्या वेळात नुसतं वारं वाहायचं, लांब कुठेतरी घंटा वाजायची.

आता नाट्यसंगीत. पदं मेली का? अजिबात नाही, आजही मैफिलीत भैरवीच्या आधी कुणीतरी चिठ्ठी पाठवतंच. मेली ती नाटक मंडळी. गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची. पन्नास-साठ माणसांचा बाडबिस्तरा, ऑर्गन, सारंगी, आचारी, पडदे, मखमल, हे सगळं घेऊन गावोगाव फिरणारी संस्था. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला, मराठी बोलपट सुरू झाला, आणि एका डब्यात मावणाऱ्या गोष्टीपुढे अख्खी मंडळी महाग ठरली. चाली तशाच राहिल्या, बिऱ्हाड तेवढं मोडलं.

रॉकचं बिऱ्हाड म्हणजे बँड. माझ्या बँडचं गणित सांगते. चार माणसं. दादरला एका तळघरात जॅम रूम, म्हणजे सरावाची खोली, तासाला साठ रुपये, पंखा असला तर नशीब. ड्रमरला घरी सराव करायची सोय नाही, म्हणून तो उशांवर वाजवायचा. माझा बेस सेकंडहँड, आठ हजारांचा, बाबांना त्याची किंमत तीन हजार सांगितली होती. अॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) भाड्याने, टॅक्सी चौघांत, आणि आठवड्यातून एकदा चौघांचंही मन एकाच वेळी ठिकाणावर असणं हा सगळ्यांत मोठा खर्च. त्याच्यासमोर हे ठेवा : कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये पहिलं गाणं एका आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्याच आयपॅडवर काढला. एक मुलगा, एक पाटी! कुणाला जुळवून घ्यायचं नाही, शेजारी येऊन दरवाजा वाजवत नाहीत.

आणि जागा? धोबी तलावचं रंगभवन उघड्यावरचं. शेजारी रुग्णालयं आणि कॉलेज, म्हणजे शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात. २००३ च्या सुमारास तिथले कार्यक्रम बंद पडले. नियम चुकीचा म्हणणार नाही मी, रुग्णाला आमच्या गिटारचं डिस्टॉर्शन, तो फाटका आवाज, कशाला? पण १९८६ पासून आय-रॉकमुळे जिथे कॉलेजची पोरं पहिल्यांदा मोठ्या स्टेजवर चढायची, ती जागा गेली आणि तिच्या मापाची दुसरी झाली नाही. आज मुंबईत एक तर तीस-चाळीस माणसांचा पब आहे किंवा थेट महालक्ष्मीचा रेसकोर्स. २०२५ च्या मे महिन्यात तिथे गन्स अँड रोझेस हा अमेरिकी रॉक बँड वाजवून गेला. मी गेले होते. बाप आणि पोरं दोन्ही होते, तिकिटं बापांनी काढलेली.

इथपर्यंत सगळं परिस्थितीवर ढकललं. आता आमच्यावर येते, कारण मला तुमच्या मुलाचं रॅप ऐकणं आवडतं त्याचं कारण यात आहे. आमच्या बँडने सात वर्षांत मराठीत एकही गाणं केलं नाही. चौघंही मराठी. जॅम रूममध्ये भांडणं मराठीत, वडापाव मराठीत, आणि माइक लागला की आम्ही एकदम कॅलिफोर्नियात. हायवेवर एकटं गाडी चालवण्याबद्दल गाणं होतं आमचं, चौघांत सायकलसुद्धा नव्हती. आम्ही एकटेच असे नव्हतो म्हणा. मुंबईचा सगळ्यांत नावाजलेला बँड रॉक मशीन, जो पुढे इंडस क्रीड झाला, तोही इंग्रजीतच गायचा. पण कलकत्त्याकडे बघा : मोहीनेर घोडागुली हा बँड १९७५ पासून बंगालीत. तिथे बांगला रॉक हा आजही घरातला शब्द आहे. केरळच्या अवियल बँडने मल्याळममध्ये गिटार कडाडवली. आम्ही मात्र आमच्या आईला कळणार नाही अशी गाणी केली आणि मग तिला आवडत नाहीत म्हणून रुसलो.

रॅपवाल्या पोरांनी ही चूक केली नाही. अंधेरी, कुर्ला, पुण्याचा ताडीवाला रोड, जिथले होते तिथल्या बोलीत बोलले. मराठीतही आता जोरात चाललंय. तुमच्या मुलाला त्या गाण्यात आपला नाका दिसतो. तुम्हाला रंगभवनच्या पायरीवर जे दिसत होतं ते फार लांबचं होतं, आणि तेच तेव्हा आवडायचं. मलाही आवडायचं. पण अशी आवड वारशाने जात नाही.

तर करायचं काय? कौतुकाने ऐकवणं आधी बंद करा. "ऐक, हा सोलो येतोय बघ" असं म्हणत शेजारी बसलेला बाप कुठल्याच संगीताला परवडत नाही. त्याऐवजी त्याला एक माहिती द्या आणि खोलीतून निघून जा : लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९७१ च्या अल्बममधल्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे ड्रम्स बीस्टी बॉइज या रॅप गटाने १९८६ मध्ये उचलून आपल्या रॅपखाली घातले. म्हणजे रॅप तुमच्या कॅसेटींवर वाढलेलं पोर आहे. तो बीट वगैरे बनवत असेल तर टेपरेकॉर्डर आणि दीडशे कॅसेटी त्याच्या खोलीत ठेवून द्या. त्यातला खरखराट हल्ली पोरं मुद्दाम विकत घेतात. तो त्या कॅसेटीची चिरफाड करेल, आवडतं गाणं दोन सेकंदांवर आणेल. तेव्हा काही बोलू नका.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मला मेटल आवडतं. वर्गात कुणीच ऐकत नाही, सगळे हसतात. गिटार दोन वर्षं वाजवतेय, पण बँडसाठी ड्रमर मिळत नाही. मी चुकीच्या काळात जन्मले का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चुकीच्या काळात नाही, आणि चुकीच्या गावात तर त्याहून नाही. बाळ, कोल्हापुरात राहून वाजवणारा मिळत नाही म्हणतेस? हलगी ऐकली नाहीस कधी? ताशा? गणपतीत पथकात तासन् तास वाजवणारी पोरं आहेत, ज्यांचा हात मेटलच्या ड्रमरला लागतो तितकाच चालतो आणि दमही तेवढाच असतो. त्यांना फक्त पाय वापरायचे माहीत नाहीत. ते सहा महिन्यांत येतं. पथकाच्या सरावाला जा, सगळ्यांत जोरात आणि सगळ्यांत नेमका कोण वाजवतो ते बघ, आणि त्याला एकच रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी ओळ, ऐकव. कल्पना माझी नाही. दिल्लीच्या ब्लडीवुड बँडने मेटलमध्ये ढोल घातला आणि २०२२ मध्ये जपानच्या फुजी रॉक महोत्सवाला जाऊन वाजवला.

वर्गातले हसतात तर हसू देत. फ्रेडी मर्क्युरीने पहिला बँड काढला तो पाचगणीच्या शाळेत, १९५८ साली, वय बारा. तिथून तुझं गाव काही फार लांब नाही. आणि हो, गाणं मराठीत लिही. कोल्हापुरी शिव्या चालतील का, असं विचारणार असशील तर मासिकात मला उत्तर देता येत नाही.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे. थेट इलेक्ट्रिक गिटार मागतो. आधी साधी लाकडी घेऊन त्यावर हात बसवावा, असं सगळे सांगतात. काय करू?
— एक आई, कल्याण

उत्तर : इलेक्ट्रिक घ्या. 'आधी साधी' या सल्ल्याने मी जितकी मुलं गिटार सोडताना पाहिली तितकी आळसाने सोडलेली पाहिली नाहीत. स्वस्त लाकडी गिटारच्या तारा जाड आणि पट्टीपासून उंच असतात, लहान बोटं सोलून निघतात. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक, मान सडपातळ. दुकानात विचारा, ॲक्शन (तारांची पट्टीपासूनची उंची) खाली करून द्याल का? देत नसतील तर दुसरं दुकान. मोठा ॲम्प अजिबात नको, हेडफोन लावायचा बोटभर ॲम्प मिळतो, सोसायटीत तुमचं नाव चांगलं राहील. पहिला महिनाभर बोटं दुखतील, घट्टे पडले की थांबतं.

पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पाती, मात्र डझनभर एकदम घ्या. निम्मी वॉशिंग मशीनमध्ये सापडतात.