मुखवटा आणि शेपटीवाचून थेरियनपण कसे व्यक्त करावे?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला: आपला थेरिओटाईप, म्हणजे आतून आपण जो प्राणी आहोत तो, खोकड आहे याची तुम्हांला दोन वर्षांपासून खात्री आहे, पण घरात मुखवटा किंवा शेपटी लावणे शक्य नाही, क्वाड्रोबिक्सला, म्हणजे हातापायांवर प्राण्यासारखे चालण्याच्या आणि उड्या मारण्याच्या सरावाला, जागा नाही, आणि त्यामुळे आपण खरे थेरियन आहोत की नाही, अशी शंका तुम्हांला छळते आहे. मी तरस आहे. ही ओळख मनाशी मान्य केल्याला पंधरा वर्षे झाली आणि त्यांतली पहिली नऊ वर्षे माझ्याजवळ मुखवटा, शेपटी असे गियर म्हणावे असे काहीही नव्हते.

आधी शंकेविषयी. आपले शरीर माणसाचे आहे हे पुरते ठाऊक असूनही आतून आपण एक विशिष्ट प्राणी आहोत, असा टिकून राहणारा अनुभव म्हणजे थेरियन असणे. वेशभूषा त्या व्याख्येत कुठेच येत नाही. आपल्या समुदायाचा उगमही हेच सांगतो. १९९२ मध्ये युजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यावर, वेअरवुल्फच्या, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाच्या, कथा आवडणाऱ्यांसाठी एक चर्चागट सुरू झाला आणि पुढच्या काही काळात तिथलेच काही जण, ही आपल्यासाठी नुसती कथा नाही, असे लिहू लागले. त्यांच्यापुढे पडद्यावरची अक्षरे तेवढी होती. कुणी कुणाची शेपटी पाहिली नव्हती, तरी एकमेकांची ओळख पटली. मुखवटे आणि चार पायांवरच्या उड्या ही आज थेरियनांची सर्वांत दिसणारी खूण झाली आहे, ती पुष्कळ नंतर, छोट्या व्हिडिओंच्या काळात.

म्हणून माझा आग्रह असा, की 'मी काय घालू' या प्रश्नाऐवजी 'मला नेमके कशाचे उणे जाणवते' हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. कुणाला नसलेली शेपटी पाठीच्या टोकाशी जाणवते, कुणाला कान मागे वळवता येत नाहीत याची बोच लागते, तर कुणाला रात्री भिंतींच्या आत असणेच सोसवत नाही. ज्याचे उणे कानांचे आहे, त्याला शेपटी लावून समाधान मिळत नाही, आणि मग तो उगाच स्वतःवर संशय घेतो.

माझे उणे पाठीचे होते. तरसाचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब असतात, त्यामुळे त्याची पाठ खांद्यांकडून मागे उतरत जाते. माणूस चार पायांवर आला, की याच्या अगदी उलट घडते: आपले पाय हातांपेक्षा लांब, म्हणून कंबर वर चढते आणि खांदे खाली जातात. सपाट जमिनीवर मी कितीही सराव केला तरी काहीतरी चुकते आहे असे वाटत राही, आणि मला त्याचे फार वाईट वाटे. एके दिवशी मी गवताळ चढावर हात वरच्या बाजूला टेकवून सावकाश चालले. खांदे कमरेपेक्षा वर आले, मान आपोआप खाली झुकली आणि मानेपासून पाठीपर्यंत नसलेली आयाळ ताठ उभी राहिल्यासारखे वाटले. जेमतेम वीस पावले असतील, पण तो फँटम शिफ्ट, म्हणजे नसलेला अवयव असल्यासारखा जाणवण्याचा अनुभव, मला आजही जसाच्या तसा आठवतो. त्या चढाला ना जागा लागली ना प्रेक्षक, आणि पाहणाऱ्याला फार तर कुणीतरी टेकाड चढते आहे एवढेच दिसले असते.

खोकडाच्या बाबतीत मी कानांपासून सुरुवात करीन. खोकड गवताखालचा उंदीर डोळ्यांनी दिसण्याआधीच कानांनी हेरते, आणि झेप घेण्यापूर्वी क्षणभर डोके कलते करून आवाजाची जागा पक्की करते. संध्याकाळी उजेड उतरत असताना खिडकीशी डोळे मिटून बसा. सर्वांत मोठा आवाज कोणता ते ओळखा, मग तो बाजूला सारून त्याच्याखालचा ऐका, मग त्याच्याही खालचा. मान किंचित कलती केली, की आवाजाची दिशा बदलल्यासारखी वाटते. ते नीट अनुभवा. घरच्यांना तुम्ही शांत बसलेले दिसाल, आणि तुम्ही त्या वेळी पूर्णपणे खोकड असाल.

क्वाड्रोबिक्सचा हट्ट मात्र सध्या धरू नये. जपानचे केनिची इतो यांनी २०१५ मध्ये चार पायांवर १०० मीटर अंतर १५.७१ सेकंदांत कापले, त्यामागे माकडांच्या चालीचा अनेक वर्षांचा अभ्यास आणि सराव होता. आपली मनगटे शरीराचे वजन झेलण्यासाठी घडलेली नाहीत. अरुंद खोलीतल्या कठीण फरशीवर उड्या मारल्या तर ती दुखावतात. कधी मोकळी जागा मिळाली तर मऊ गवतावर, मनगटे आधी सैल करून, नुसत्या चालीपासून सुरुवात करावी.

वस्तू हवीच असेल तर ती इतरांना न कळणारी असू शकते. माझ्या एका जुन्या कोटाच्या अस्तरावर, आतल्या बाजूने, मी तरसाचे पट्टे टाक्यांनी उमटवले आहेत. खिशात हात घातला, की बोटांना ते लागतात. खऱ्या प्राण्याची शेपटी किंवा कातडे मात्र ते कुठून आले हे कळल्याशिवाय घेऊ नये, असे मी कळकळीने सांगते.

एक वहीही ठेवा. शिफ्ट, म्हणजे आतला प्राणी प्रकर्षाने जाणवण्याचा क्षण, आला तर तारीख, जागा आणि शरीरात कुठे काय जाणवले एवढेच लिहा. 'हे खोकडासारखे होते' असा निष्कर्ष त्याच दिवशी लिहू नका. काही महिन्यांनी सलग वाचल्यावर जे दिसेल, ते कुणाच्या मान्यतेपेक्षा तुमच्या अधिक उपयोगी पडेल. मात्र शरीराविषयीची अस्वस्थता झोप किंवा अभ्यास बिघडवण्याइतकी वाढली, तर समुपदेशकाशी बोलण्यात मुळीच संकोच करू नका.

मोठ्या बहिणीला सांगावे का, असेही तुम्ही विचारले आहे. सांगावेसे वाटत असेल तर 'थेरियन' हा शब्द आधी उच्चारू नका, कारण ती तो शोधेल आणि तिच्यापुढे प्रथम अनोळखी लोकांचे व्हिडिओ येतील. त्यापेक्षा खिडकीशी बसून काय ऐकू येते, ते सांगा. मी माझ्या भावाला असेच फक्त त्या चढाविषयी सांगितले होते. त्याने जरा विचार करून विचारले, "चढावरच का? सपाटीवर का नाही?" आणि मग मी त्याला कागदावर तरसाची पाठ काढून दाखवली.