मेंदीच्या केसांवर कलर करताना

अगं, शेड कार्ड नंतर उघड. आधी गिऱ्हाइकाला विचार, मेंदी लावता का आणि कुठली? आपल्या सोलापुरात पाकिटातली ‘काळी मेंदी’ लावून येणाऱ्या बऱ्याच. काही पाकिटांत धातूचे क्षार असतात, त्यांवर डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइड, पडला की केस तापतात, तुटतातही. शंका आली तर कापलेली बट डेव्हलपरमध्ये बुडवून ठेव. गरम झाली किंवा फेस आला, तर सरळ नाही म्हण. गिऱ्हाईक रुसेल, रुसू दे.

पांढऱ्या केसांना 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइडचा. नुसती बरगंडी लावलीस तर पांढरे केस भडक लाल दिसतात. पांढरे जास्त असतील तर निम्मी नॅचरल शेड मिसळ. रंग आणि डेव्हलपरचं प्रमाण ट्यूबच्या खोक्यावरचंच घे, 1:1 असो वा 1:1.5. आणि वजनकाट्यावर मोज, अंदाजाने नको.

मे महिन्यात एकदम सगळं कालवू नकोस, वाटीतच काळं पडायला लागतं. पंख्याखाली बसवलंस तर डोक्यावरचं सुकतं.

रंगवलेले केस नुसत्या कलरने उजळत नाहीत, हे आधीच सांगून टाक.

पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडा रंग लावून ॲलर्जी येते का बघणं, 48 तास आधी. गड्ड्याच्या जत्रेची, लग्नसराईची गर्दी असली तरी, आणि जुन्या गिऱ्हाइकालाही.