ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात) पसरलेल्या कॅन्सरला रेडिएशन देणं धोक्याचं असतं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आईंना फुफ्फुसाचा कॅन्सर, एमआरआयमध्ये पॉन्समध्ये, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मधल्या भागात, १.३ सेंटीमीटरची एकच गाठ, एकाचे दोन दिसतात. पुण्यातले एक डॉक्टर स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन (फक्त गाठीवर नेम धरून मोठा डोस) म्हणतात, दुसरे पूर्ण डोक्याला दहा शेक, म्हणजे रेडिएशनच्या दहा बैठका. आणि नातेवाईक सांगतात, त्या जागेला हात लावू नका.

हात लावू नये हे ऑपरेशनपुरतं खरं आहे. श्वास, गिळणं, डोळे आणि चेहरा हलवणाऱ्या नसा तिथे दाटीवाटीने आहेत, म्हणून सर्जन सहसा तिथे जात नाहीत. नेमक्या त्याच कारणाने रेडिएशन हा मुख्य इलाज ठरतो. ब्रेनस्टेममधल्या गाठींच्या स्टिरिओटॅक्टिक उपचारांवरच्या ३२ अभ्यासांचा, म्हणजे १४४६ रुग्णांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये आला. त्यात वर्षभराने सुमारे ८६ टक्के गाठी आटोक्यात होत्या आणि गंभीर दुष्परिणाम अडीच टक्क्यांच्या आसपास.

जागेमुळे डोस मात्र बदलतो. मेंदूत इतरत्र दोन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीला एका बैठकीत २० ते २४ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) देतात, इथे साधारण १५ ते १८ वर थांबतात. गाठ मोठी असेल तर पाच बैठकांत २५ ते ३०. पूर्ण डोक्याचे दहा शेक म्हणजे रोज ३ प्रमाणे ३० ग्रे. आकडा मोठा दिसतो, पण एका दमात दिलेले १६ ग्रे गाठीवर त्याहून कमी पडत नाहीत, आणि बाकीचा मेंदू वाचतो. पूर्ण डोक्याला शेक दिल्यावर केस जातात, आणि काही महिन्यांनी विसराळूपणाचा त्रास होऊ शकतो. गाठ एकच आणि एवढी लहान असेल तर माझं मत स्टिरिओटॅक्टिककडे. डोक्यात बऱ्याच गाठी असतील किंवा फुफ्फुसाचा कॅन्सर स्मॉल सेल प्रकारचा असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर ठरू शकतं. बायोप्सीचा ईजीएफआर आणि एएलके (गाठीतल्या जनुकांतले बदल) रिपोर्ट आला नसेल तर आजच मागा. तो पॉझिटिव्ह असेल तर ऑसिमर्टिनिब, अलेक्टिनिब या गोळ्या मेंदूतही पोचतात. पण आईंना त्रास सुरू झालाय, तेव्हा गोळ्यांच्या भरवशावर रेडिएशन पुढे ढकलायचं का, हे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवू दे.

प्रत्यक्षात घोळ होतो तो रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून घालायच्या मास्कपाशी. जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात, ते काही मिनिटांत घट्ट होतं. त्या दिवशी अंबाडा नको, कानातलं-नाकातलं घरीच ठेवा. कवळी घालून मास्क केला तर प्रत्येक वेळी कवळी हवीच. मास्क झाल्यावर केस कापायचे नाहीत. डेक्सामेथासोनने (मेंदूची सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडने) चेहरा सुजला की तोच मास्क आवळायला लागतो, सूज उतरली की सैल होतो. दोन्ही वेळा टेक्निशियनला लगेच सांगा, कारण इथे मोजमाप मिलिमीटरचं आहे. प्लॅनिंगचा एमआरआय एक मिलिमीटरच्या कापांचा, कॉन्ट्रास्टसह आणि ताजा हवा. महिन्यापूर्वीची फिल्म चालत नाही. कॉन्ट्रास्टसाठी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आधी करून ठेवा. आडवं झाल्यावर ठसका लागत असेल तर तेही मास्कच्या आधीच सांगा. चेहरा बांधलेला असताना तो जिवावर बेतू शकतो.

डेक्सामेथासोन सकाळी आणि दुपारी द्या. रात्री दिलं तर झोप उडते. सोबत पोटाची गोळी लागतेच. शुगर फक्त उपाशीपोटी तपासू नका, खरी उडी संध्याकाळी दिसते. कमोडवरून उठताना मांड्यांत जोर राहत नाही तो याच गोळीने. तरीही स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांनी सांगितलेल्या पायऱ्यांनीच कमी करा.

पातळ चहा-पाण्याने ठसका लागत असेल तर ताठ बसवून, हनुवटी खाली करून, घट्टसर पदार्थ द्या. वाढती डोकेदुखी, उलट्या आणि गुंगी एकत्र दिसली तर ओपीडीची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा. गाठीने मेंदूतल्या पाण्याचा मार्ग अडला तर शंट (ते पाणी काढून देणारी नळी) लागू शकतो.

खर्चाचं मास्क करण्याआधी बोला. महात्मा फुले योजनेत नेमकं कोणतं तंत्र त्या हॉस्पिटलमध्ये बसतं, हे आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, विचारा. ट्रस्टच्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. त्यासाठी समाजसेवकाला भेटा, उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. परळला टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं असेल तर फिल्म नव्हे, सीडी न्या, शिवाय बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड.

पुढचे एमआरआय दर दोन-तीन महिन्यांनी. सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान रिपोर्टमध्ये 'गाठ वाढली' आलं तरी ती रेडिएशनने मेलेल्या पेशींची सूज असू शकते. परफ्यूजन एमआरआय (गाठीतला रक्तपुरवठा दाखवणारा) करून आणि जुन्या सगळ्या सीडी शेजारी लावून बघितल्याशिवाय पुढचा इलाज ठरवू देऊ नका.