प्रोफेशनल सॉफ्टवेअर डेव्हलपर प्रत्यक्षात डिबगिंग कसं करतात?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात डिबगर (चूक शोधायला चालू प्रोग्राम मध्येच थांबवून आत बघायचं साधन) शिकवला आणि इंटर्नशिपला गेलात तर तिथं सगळे नुसते प्रिंट मारत (कोडात ओळ टाकून मधल्या किमती छापून बघत) बसलेत, मग खरं कोण? दोघंही खरे. पण कोड उघडायच्या आधी जे करायचं असतं ते यात कुठंच येत नाही, आणि त्यावरून माझं एका माणसाशी कायमचं वाजलंय, म्हणून लिहितोय.

सांगलीत विश्रामबागला आमचं छोटं ऑफिस होतं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करायचो. सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर दहा दिवसांनी बिल. पलूसकडच्या एका केंद्रावरून तक्रार यायला लागली: काही जणांच्या बिलात एखाद्या सकाळचं दूधच नाही. हातात पावती आहे, पावतीवर तारीख बरोबर, बिलात मात्र खाडा.

आमचे टीम लीड सर म्हणाले, "ऑपरेटर डिलीट करतोय. यूजर एरर. तक्रारीचं तिकीट बंद कर." मी ऑफिसात बसून दहा नोंदी केल्या, दहाही बरोबर. तिकडं गावात ऑपरेटर दूध मारतो अशी बोंब झालेली. ते ऑपरेटर पोरगं फोनवर रडायचं बाकी होतं.

शेवटी एकदा पहाटे चारला सांगलीतून गाडी काढली. केंद्रावर किटल्या घेऊन रांग लागलेली. ज्यांचं दूध गायब झालं होतं त्यांतल्या एका दादांना विचारलं, रोज याच वेळी येता का?

"न्हाय ओ. रातची लाईट आसली की उसाला पाणी पाजायचं, धार काढायची आन् तसंच हिकडं. दिवसाची आसली की निवांत."

बाकीचेही तसेच निघाले. कधी पाचला, कधी सहाला. तिथंच बाकावर बसून सर्व्हरवर एक ओळ टाकली, नोंद सेव्ह होताना तारीख आणि वेळ लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, छापायची. भिंतीवरच्या घड्याळात ५:१२. लॉगमध्ये आदल्या दिवशीचे २३:४२.

महिनाभरापूर्वी आम्ही सगळं केंद्रातल्या कॉम्प्युटरवरून क्लाउडवर नेलं होतं. तो सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढं. पावती केंद्राच्या घड्याळावर छापायची, नोंद सर्व्हरच्या. साडेपाचच्या आत आलेलं दूध कालच्या तारखेला पडायचं. त्यात, चुकलेली नोंद सुधारता यावी म्हणून आम्हीच सोय केलेली की त्याच सभासदाची त्या तारखेची सकाळची नोंद आधीच असेल तर नवी तिच्यावर लिहायची. म्हणजे काल सहाला आणि आज पाचला आलात की कालचं दूध पुसलं. रोज पाचलाच येणाऱ्याचा खाडा पडत नव्हता, सगळंच एक दिवस मागं सरकायचं, म्हणून तो कधी ओरडला नाही. आणि ऑफिसात दहाच्या आधी कोण येतंय!

दुरुस्ती दोन ओळींची होती. वेळ यूटीसीतच ठेवली, तारीख भारतीय वेळेवरून काढली. पुसलेल्या नोंदी लोकांच्या पावत्या गोळा करून परत भरल्या, त्यात आठवडा गेला.

यावर सरांचं म्हणणं काय, तर प्रिंट मारून शोधलंस, डिबगर येत नाही का? चालू सर्व्हरवर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथं थांबवायचा ती खूण) लावून अख्खी रांग थांबवायची होती का? मग म्हणाले, गिट बायसेक्ट करायचं. कोडातले जुने बदल निम्मे-निम्मे करत तपासायची ती सोय, हजार कमिटमधली (नोंदवलेल्या बदलांमधली) बिघडलेली कमिट दहाएक पायऱ्यांत सापडते, हत्यार झकास आहे, पण इथं तारीख काढणारी ओळ बदललीच नव्हती. मशीन बदललं होतं. चूक हुकमी घडवता येत नाही तोवर हत्यारावरून भांडण्यात काय अर्थ आहे? ज्यांचं बिघडलंय आणि ज्यांचं नाही, त्यांच्यात फरक काय ते आधी बघा.

हां, डिबगर टाकाऊ नाही. दुसऱ्यानं लिहिलेल्या कोडात कोण कुणाला बोलावतंय हे कळेना झालं की मीही ब्रेकपॉइंटच लावतो. दोन थ्रेड (प्रोग्रामात एकाच वेळी चालणारी कामं) एकमेकांच्या पायात येत असतील तर मात्र डिबगरनं थांबवलं की चूक लपून बसते, कधीकधी प्रिंटनंसुद्धा. आणि लॉगमध्ये पासवर्ड, आधार नंबर छापू नका.

ते तिकीट सरांनी 'यूजरला ट्रेनिंग दिलं' असं लिहून बंद केलं. ऑपरेटरला फोन मीच केला.