कुंड्या कमी करा, मग बोलू

यावेळच्या पत्रांमध्ये सगळ्यांचं रडगाणं एकच आहे, बाग तर हवीये पण वेळ नाही, पाठ दुखते, गावाला जायचंय. म्हणून या महिन्यात फक्त कमी कष्टाच्या बागेचेच प्रश्न घेतलेत. गुलाबाचं प्रदर्शन भरवायचंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा.

प्रश्न : ताई, आम्ही वाकडला आठव्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पश्चिमेला. दोघंही जॉबला, घरी यायला रात्रीचे आठ. दर पावसाळ्यात नर्सरीतून दहा-बारा रोपं आणतो आणि मे संपेपर्यंत निम्मी गेलेली असतात. माझ्या हाताला गुणच नाहीये का? फार बघावं लागणार नाही असं काहीतरी सांगा ना. (एक आयटीवाली, वाकड)

उत्तर : अगं हाताचा काय संबंध, कुंडीचा आहे. सहा इंची कुंडीत माती असते ती किती, त्यात दुपारी दोनपासून मावळेपर्यंतचं ऊन आणि आठव्या मजल्यावरचा वारा, तू घरी येईस्तोवर ती कोरडीठाक होणारच. बारा छोट्या कुंड्यांऐवजी चारच घे पण १४-१६ इंची घे. मोठ्या कुंडीतली ओल दोन-तीन दिवस टिकते, म्हणजे एखाद्या दिवशी विसरलीस तरी झाड माफ करतं. आणि कुंड्या लांब लांब रांगेत न ठेवता एकमेकींना चिकटून ठेव, एकीची सावली दुसरीच्या बुडाला मिळते.

माती भरताना मात्र आळस नको, सगळे कष्ट तिथेच करून टाकायचे. बांधकामाच्या साइटवरून फुकट मिळते ती काळी माती आणू नकोस, कुंडीत ती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वीट होते. लाल माती किंवा पोयटा (नदीकाठची गाळाची माती) एक भाग, कंपोस्ट किंवा गांडूळखत एक भाग, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजली की साठ-सत्तर लिटर होते त्यामुळे चार कुंड्यांना एकच पुरून उरते, तीन आणू नकोस, ठेवायला जागा नाही मिळणार. वरती वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा तीन इंच थर, हा थर म्हणजे निम्मं पाणी घालणं वाचलं असं समज.

आता एक गंमत सांगते. संक्रांतीची सुगडं घरात पडून असतात ना, ती वापर. सुगड कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं आणि वर पणती झाकायची, म्हणजे डास अंडी घालत नाहीत. पाणी भाजलेल्या मातीतून हळूहळू झिरपतं आणि मुळं बरोब्बर तिकडे वळतात. रंगवलेलं, चमकी लावलेलं सुगड चालणार नाही, त्याची बारीक छिद्रं बुजलेली असतात. पुरण्याआधी पाणी भरून रात्रभर फरशीवर ठेवून बघ, सकाळी बाहेरून ओलसर लागलं तर कामाचं. एक सुगड फार दिवस पुरत नाही, पण सोमवारी सकाळी भरलं की मंगळवारी घाई नाही एवढं नक्की. मोठी कुंडी असेल तर कुंभाराकडून छोटं मडकं आण.

झाडं कुठली? पश्चिमेला बोगनवेल, सदाफुली, कोरफड, अडेनियम, गवती चहा, कढीपत्ता. स्वयंपाकात रोज लागणारी दोन झाडं यात आली, तेवढी बास. फर्न, पेटुनिया वगैरे दिसायला कितीही छान असली तरी नर्सरीतच बघून ये.

प्रश्न : वय ७१, कोथरूडला स्वतंत्र गच्ची, साठ-बासष्ट कुंड्या. कंबरेमुळे आता झारी उचलवत नाही. शिवाय मे-जूनमध्ये दीड महिना मुलाकडे परदेशात जायचे आहे. माळी ठेवला होता, तो आठवड्यातून दोनदा येऊन फक्त चहा घेतो. ठिबक बसवावे का? (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : काका, ठिबक जरूर बसवा पण साठ कुंड्यांना नको. आधी वीस-बावीस आवडत्या ठेवा, बाकीच्या सोसायट्यांमध्ये, भाच्यांमध्ये वाटून टाका. वाईट वाटेल, चार दिवसांनी नाही वाटणार.

ठिबकचं किट म्हणजे १६ मिलिमीटरचा मुख्य पाइप, त्यातून बारीक नळ्या आणि टोकाला थेंब थेंब पाणी सोडणारा ड्रिपर. ताशी २ लिटरचे ड्रिपर घ्या. १२ इंची कुंडीला मेमध्ये दिवसाला लिटर-सव्वा लिटर पाणी लागतं, म्हणजे सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं लावलं की काम झालं. आता महत्त्वाची गोष्ट टायमरची. गच्चीवर टाकी तुमच्या डोक्यावर जेमतेम आठ-दहा फूट असणार, म्हणजे पाण्याला दाब असा नाहीच. बाजारात मिळणारे बरेचसे टायमर सोलेनॉइड व्हॉल्व्हचे (विजेच्या चुंबकावर उघडणाऱ्या झडपेचे) असतात, त्यांना उघड-बंद व्हायलाच दाब लागतो, कमी दाबाला ते नीट बंदच होत नाहीत आणि टाकी रिकामी होते. दुकानदाराला स्पष्ट सांगा, बॉल व्हॉल्व्हवाला (भोकाचा गोळा फिरून उघड-बंद होणारा) टायमर द्या. त्याच्या आधी जाळीचा फिल्टर बसवा, गुरुवारी पाणी बंद असलं की नंतर जो गाळ येतो त्यानं ड्रिपर तुंबतात.

जायच्या पंधरा दिवस आधीच सगळं चालू करा आणि झारीला हात लावू नका. कुठली कुंडी सुकते, कुठे पाणी साचतं ते तेव्हाच कळेल. टायमरचे सेल नवीन टाका. शेजारी कुणाला तरी आठवड्यातून एकदा नुसती नजर टाकायला सांगा, आणि हो, चहासुद्धा त्यांनाच पाजा.

प्रश्न : सहकारनगरला आमची बाल्कनी दक्षिणेला. हिवाळ्यात हॉलपर्यंत ऊन येतं आणि ऐन उन्हाळ्यात कुंड्यांना ऊनच नाही! टोमॅटो लावले, फुलंच धरली नाहीत. असं उलटं कसं? (एक वाचक)

उत्तर : उलटं नाहीये, पुण्याचं असंच आहे. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो (तोच आपला शून्य सावलीचा दिवस, पेपरात फोटो येतात बघा) आणि तिथून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीला तो चक्क उत्तरेकडे असतो. वरच्या मजल्याचा स्लॅब छत्रीसारखा तुमच्या बाल्कनीवर, मग ऊन येणार कुठून. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली उतरतो तेव्हा तो थेट आत शिरतो. तर तुम्ही भाज्यांचा सीझनच बदला. गणपती झाले की ऑक्टोबरात टोमॅटो, पालक, मेथी, कोथिंबीर, शेवंती, फेब्रुवारीपर्यंत मजा. उन्हाळ्यात तिथे स्नेक प्लांट, मनी प्लांट ठेवा आणि आराम करा. ज्यांची बाल्कनी उत्तरेला आहे त्यांनी फुलझाडांचा नाद सोडावा, अळू लावावं.

प्रश्न : आमच्या कुंड्यांचं पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळतं, सेक्रेटरीकडे तक्रार गेलीये. प्लेट ठेवल्या तर आता म्हणतात डास होतात. करायचं काय? (एक त्रस्त, धायरी)

उत्तर : काकूंचं दोन्ही बाबतीत बरोबर आहे. ग्रिलच्या बाहेर लटकवलेल्या कुंड्या आत घ्या, त्या खाली पडल्या तर कपड्यांवर भागणार नाही. प्लेट हवीच, पण तिच्यात जाड वाळू भरा, उघडं पाणी राहिलं नाही की डासाला जागा नाही. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून पावसाळ्यात दर रविवारी प्लेटा उपड्या करायच्याच. आणि पहिला गवती चहा काकूंकडे पाठवा.

प्रश्न : घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं पण घाण वास येतो, अळ्या झाल्यात. नवरा म्हणतो एक तर ही बादली राहील नाहीतर मी. (एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर : दोघंही राहू शकता. वास येतोय म्हणजे ओलं जास्त, सुकं कमी आणि हवा बंद. बादलीला बुडाला आणि बाजूंना भोकं पाडा. एक वाटी भाजीचे देठ-सालं टाकली की दोन वाट्या वाळका पाला टाकायचा, हा पाला पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्तोरस्ती पडलेला असतो, सोसायटीचा झाडूवाला पेटवायच्या आत दोन पोती भरून ठेवा, वर्षभर पुरतो. खरकटं, तेलकट, उरलेली आमटी अजिबात नको. आठवड्याला एकदा हलवायचं, आंबट ताक शिंपडायचं. अळ्या कुजवायचंच काम करतात, चावत वगैरे नाहीत, नवऱ्याला दाखवू नका म्हणजे झालं. अडीच-तीन महिन्यांत काळं, पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत तयार. शेतीत प्रयोग करणारे कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार गच्चीवरच्या बागेसाठी हेच सांगत, माती कमी आणि पालापाचोळा जास्त. कुंडी हलकी होते हा वरचा फायदा, स्लॅबची काळजी असलेल्यांनी हे नक्की करावं.

प्रश्न : मोगरा हिरवागार, फूल एक नाही. आणि जास्वंदीवर पांढरा कापूस. (दोन वेगवेगळी पत्रं)

उत्तर : मोगरा : नुसतं पाणी आणि लाड चाललेत. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत पाणी तोडा, फांद्या एक तृतीयांश छाटा, उरलेली पानं ओरबाडून काढा, आठवड्याभरानं शेणखत घालून पाणी सुरू करा. ऊन मात्र पाच-सहा तास हवंच, त्याला पर्याय नाही.

जास्वंद : तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी पानांच्या खालूनसुद्धा फवारा, आठवड्यानं परत. बुंध्यावर मुंग्यांची रांग दिसतेय का बघा, त्या किडीचा गोड चिकटा खायला येतात आणि तिला राखतात, त्यामुळे मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय कितीही फवारलंत तरी पंधरा दिवसांनी कापूस हजर. फार माखलेली फांदी सरळ कापून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, खताच्या बादलीत टाकू नका.